मामांची दुनळी

"ढकलू नका! बंदुकीचं दुकान आहे हे, रॉकेलचं नव्हे!" बारगीर शेठ स्टुलावर उभा राहून ओरडत होता आणि त्याला कुणी भीक घालत नव्हतं.

सत्तावीस वर्षं झाली त्याला. मार्चचा शेवटचा पंधरवडा, कोल्हापुरातलं बोळातलं दुकान, आणि रांगेत आम्ही तिघे: माझे सासरे सुबराव देसाई, ज्यांना आम्ही जावई मामा म्हणायचो, माझा धाकटा साडू जोती रेडेकर आणि मी. एरवी त्या दुकानात दिवसाकाठी दोन गिऱ्हाईकं आली तरी शेठ खूश होऊन चहा मागवायचा. त्या दिवशी रांग दारातून निघून बोळाच्या तोंडापर्यंत गेली होती. कुणीतरी उठवलं होतं की एक एप्रिलपासून नवा कायदा येतोय. नवीन लायसन बंद, बापाची बंदूक पोराच्या नावावर होणार नाही, काडतुसं मिळतील ती वर्षाला पाच. हा कायदा कुणी वाचला नव्हता, कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. पण आमचा मुलूख डोंगराच्या कडेचा. भात हाताशी आलं की रानडुकरं उतरतात, गवे उतरतात, आणि हवेत दोन बार काढल्याशिवाय पीक घरात येत नाही. त्यामुळे गावात दोन-चार घरी तरी लायसनची बंदूक असायचीच, आणि ती सगळी घरं त्या आठवड्यात कोल्हापूरला धावली होती.

"शेठ, आत्ता तर पाकीट साडेतीनशेला म्हणालासा की!" पुढचा एक जण कळवळून म्हणाला.

"आत्ता म्हणजे मघाशी. आता पाचशे. नको असेल तर बाजूला व्हा, मागचा घेतोय."

मागचा खरंच घेत होता. एक महाभाग तर मेलेल्या चुलत्याचं लायसन घेऊन आला होता आणि चुलता बाहेर जीपमध्ये बसलाय म्हणून सांगत होता. नव्या एकनळीला महिन्यापूर्वी जो भाव होता त्याच्या तिप्पट शेठनं पाटीवर खडूनं लिहिला होता, आणि आमच्यादेखत तोही पुसून वाढवला.

आमचा नंबर आला तशी मामांनी कांबळ्यात गुंडाळलेली दुनळी काउंटरवर ठेवली. चाप जरा जड झाला होता, तो दाखवायचा होता. शेठनं नळी मोडून उजेडाकडे धरली, आतून पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"देसाई, विलायती माल आहे हा. देता का? बोला. आज जो आकडा मागाल तो देतो."

त्यानं आवाज खाली आणला तरी मागच्यांचे कान तिखट. क्षणात चार जण मामांभोवती गोळा झाले. एक ऊसवाला पाटील म्हणाला, "शेठपेक्षा दहा हजार वर. हिथंच." दुसरा म्हणाला, "माझी बुलट घ्या वर." मामा नुसते हसले. पंचाहत्तरीचा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला, पण हसला की सगळे गप्प व्हायचे.

"इकायची न्हाई बाबांनो," ते म्हणाले. "मला ल्योक न्हाई. दोन लेकी. ही माझ्या जावयाच्या नावावर करायची हाय, कायदा यायच्या आत."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू? थोरला जावई मी. चौदा वर्षांचा जुना. तालुक्याच्या कचेरीत मला मान, चार लोकांत ऊठबस. मी शर्टाची बाही सारखी केली, आणि शेठनं बंदूक परत दिली तेव्हा ती घ्यायला हातसुद्धा पुढे केला.

"जोती, धर रं," मामा म्हणाले. "आता तुझीच हाय ती. कशी धरायची ते तूच बघ."

माझा हात तसाच राहिला. मग मी त्या हातानं काउंटरवरचं काडतुसांचं पाकीट उचललं आणि जसं काही त्यासाठीच पुढे केला होता, असं दाखवलं.

आता जोतीबद्दल सांगतो. दहावी नापास. लग्नात अंगावरचा कोट मित्राचा. माझ्या मेव्हणीला, इंदूला, हे स्थळ आलं तेव्हा मीच मामांना म्हणालो होतो की जरा थांबा, चांगलं बघू. पण जोती मामांच्याच गावचा, उंबरवाडीचा, बांधाला बांध लागून शेत. मी तालुक्याला राहायचो. सणावाराला सासुरवाडीला गेलो की मला पाट, पाण्याचा तांब्या, कपबशीत चहा, आणि "या पाव्हणं, बसा पाव्हणं." जोती आला की मामा गोठ्यातून ओरडायचे, "आलास व्हय रं मुडद्या? आदी ती वैरण टाक!" जोती हसत वैरण टाकायचा आणि मग दोघं एकाच ताटलीत भाकरी मोडून खायचे. मला कुणी मुडद्या म्हणावं असं मला वाटायचं, हे सांगितलं तर लोक हसतील. पण वाटायचं. कपबशीतला तो चहा चौदा वर्षं मला कडू लागला.

आणि आता बंदूक. मला शेती नव्हती, मान्य. मी ती घेऊन काय कचेरीवर बार काढणार होतो? पण प्रश्न डुकरांचा नव्हताच मुळी. सुबराव देसाईंची दुनळी ज्याच्या घरात, तो देसाईंचा वारस, हे पंचक्रोशी समजायची.

येताना जीपमध्ये मामा मागे वळून म्हणाले, "पाव्हणं, अर्ज मात्र तुमीच लिवायचा बरं का. तुमच्यावाणी कागद तालुक्यात कोण करत न्हाई."

"म्हणजे काय मामा, तेवढ्यासाठी तर आहे मी," मी म्हणालो.

मी परवानाधारक अर्जनवीस. कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल. सात-बाराची दुरुस्ती, रेशनकार्ड, वारसनोंद, काय वाटेल ते लिहायचो. अर्ज लिहून झाला की खाली माझा शिक्का: "म. बा. कानडे, अर्जनवीस", आणि शिक्क्यात माझ्या परवान्याचा नंबर. नियमच होता तसा. त्या पंधरवड्यात तर बंदूकवाल्यांनी मला श्वास घेऊ दिला नाही. लायसनचे अर्ज आमच्याच कचेरीतून पुढे जायचे. सकाळी आठ वाजता टेबलापाशी रांग. मी दिवसभर लिहायचो आणि संध्याकाळी गठ्ठा करून आवकच्या खिडकीत द्यायचो.

दुसऱ्या दिवशी मामा आणि जोती आले. जोतीनं माझ्यासाठी घरून कोवळ्या काकड्या आणल्या होत्या. टेबलावर ठेवून म्हणाला, "अण्णा, इंदूनं दिल्यात. वहिनींना आवडत्यात म्हणं."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला, कारण वाईट लिहिता येत नाही मला. 'अर्जदार वयोवृद्ध असून दृष्टी अधू झाली असल्याने सदर हत्यार आपले धाकटे जावई यांचे नावे वर्ग करण्यात यावे.' धाकटे हा शब्द लिहिताना निब कागदात रुतली. मामांनी अंगठ्यासारखी मोठी सही केली, जोतीनं जीभ दाताखाली धरून सही केली, आणि दोघं चहा प्यायला गेले. मला बोलावलं, पण मी म्हणालो, माझी रांग आहे. चहाच्या टपरीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात मी दुसरा कागद घेतला. अक्षर डावीकडे झुकवलं. शाई हिरवी घेतली. 'महोदय, सदर इसम नामे जोती रेडेकर हा तापट डोक्याचा असून दारूच्या आहारी गेलेला आहे. बायकोस मारहाण करतो. वृद्ध सासऱ्यास दमदाटी करून बंदूक लाटण्याचा त्याचा डाव आहे. अशा इसमाचे हाती हत्यार गेल्यास अनर्थ घडेल. सबब चौकशी व्हावी. आपला, एक जागरूक नागरिक.' एकही शब्द खरा नव्हता. जोती दारूच्या वासानं शिंकायचा. पण लिहिताना माझा हात कधी नव्हे इतका सैल चालला होता. लिहून झालं तेव्हा मला भूक लागली आणि मी त्यातली एक काकडी खाल्ली.

संध्याकाळी गठ्ठा आवकला गेला.

आठव्या दिवशी कचेरीचा शिपाई टेबलापाशी आला. "मोमीन भाऊसाहेब बोलावतायत. तुमचे सासरे नि साडू पण आत बसलेत."

मोमीन अव्वल कारकून. स्वभावानं मऊ, पण कागदाच्या बाबतीत कुणाचा मुलाहिजा नाही. मी आत गेलो तर त्यांच्या टेबलावर हिरव्या शाईचा कागद. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"बसा कानडे," मोमीन म्हणाले. "देसाईंच्या अर्जावर हरकत आलीय. वाचून दाखवतो." आणि त्यांनी सगळं वाचलं. दारू, मारहाण, दमदाटी. मामा मान तिरकी करून ऐकत होते. जोतीचे कान लाल झाले होते.

"कुणी केलं असेल हो हे?" मी म्हणालो. माझा आवाज मला छान वठल्यासारखा वाटला.

"तेच विचारायचंय तुम्हाला," मोमीन म्हणाले, आणि कागद माझ्याकडे फिरवला. "निनावी अर्ज आहे. मग खाली हे काय?"

'एक जागरूक नागरिक'च्या खाली, नीट मधोमध, जांभळ्या शाईत माझा शिक्का होता. नंबर दोनशे बारा.

अक्षर बदललं, शाई बदलली, कागद बदलला, आणि संध्याकाळी रांगेच्या घाईत सगळा गठ्ठा पुढ्यात ओढून धडाधड शिक्के मारत सुटलो. एकोणीस वर्षांची सवय. हातानं काही विचारलं नाही. मनात आलं, संपलं आता. परवाना जाईल, पण त्याचं एवढं नाही. मामांच्या दारात पुन्हा पाय ठेवता येणार नाही. आणि शालन, माझी बायको, ती माझ्याकडे कशी बघेल?

"कानडे, मी काय विचारतोय?"

"साहेब," जोती मध्येच म्हणाला, "त्यो अर्ज मीच लिवून घेतलाय."

मोमीन त्याच्याकडे बघतच राहिले. "स्वतःविरुद्ध?"

"व्हय. मला बंदूक नको हुती. भ्या वाटतं मला बाराचं. पर मामांना तोंडावर न्हाई म्हणवंना. म्हणून अण्णांच्या पाया पडलो, म्हटलं काय तरी लिवा माझ्याबद्दल, म्हंजी अर्ज आपोआप नामंजूर हुईल. अण्णा नगं नगं म्हणत हुते. म्हणून तर शिक्का मारला त्यांनी. चोरी आसती तर मारला आसता व्हय?"

"बायकोला मारतो, हेही तूच सांगितलंस?"

"मीच सांगितलं," जोती म्हणाला आणि खाली बघितलं.

मामा सावकाश उठले. काठी टेकत जोतीसमोर गेले. "मला तोंडावर सांगाया काय झालं हुतं तुला?" ते म्हणाले. "कचेरीत आणून अब्रू घालवलीस माझी. जा, घराकडं फिरकू नगंस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, दुसरा अर्ज लिवा. बंदूक तुमच्या नावावर करायची."

मोमीन भाऊसाहेबांनी दोन्ही कागद दप्तरी दाखल केले आणि मला एवढंच म्हणाले, "कानडे, पुन्हा असले उद्योग करू नका." त्यांचा विश्वास बसला होता की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

बाहेर जोती सायकलचं कुलूप काढत होता. मी त्याच्याजवळ गेलो. आभार मानायचे की पाय धरायचे, काही ठरत नव्हतं.

"जोती, का केलंस असं?"

"दोघीच भैणी हायेत अण्णा," तो म्हणाला. "इंदूला ह्यो कागद कळला आसता तर तिनं वहिनींशी नातं तोडलं आसतं. मग दोघींनी जायाचं कुठं?" आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. शिवी नाही, टोमणा नाही. निदान एक कानाखाली तरी मारायची होती लेकानं.

तुम्हाला वाटेल, मला उपकार वाटले असतील. कसले उपकार! माझा जळून कोळसा झाला. दहावी नापास माणूस, आणि उभ्या उभ्या, विचार न करता, हे जमलं त्याला. मी एकोणीस वर्षं शब्दांवर पोट भरतोय, मला सात जन्म घेऊन सुचलं नसतं. बंदूक मिळाली, पण त्याच्या हातून मिळाली.

एक एप्रिल आला आणि गेला. कायदा कुठला आलाय! मे महिन्यात काडतुसांचं पाकीट होतं त्या भावावर आलं, आणि ज्यांनी तिप्पट भावानं एकनळ्या घेतल्या होत्या ते बारगीर शेठच्या नावानं बोटं मोडत बसले. जोतीकडं बंदूक नव्हती. त्या साली भात पोसवलं तेव्हा तो आणि इंदू पत्र्याचे डबे बडवून डुकरं हाकलायचे. निम्मं पीक गेलं. इंदू आमच्याकडे आली की हसत हसत सांगायची, "दाजी, आमचे हे डबा वाजवत्यात नि मी शिव्या देते. डुकरं माझ्या शिव्यांनाच पळत्यात!" शालन पोट धरून हसायची. मी भिंतीवरच्या दुनळीला तेल द्यायचं निमित्त काढून उठायचो. नवऱ्याबरोबर असं हसणारी बायको, त्याचाही हेवा वाटला मला. माणूस एकदा जळायला लागला की त्याला काय पण पुरतं.

मामा जोतीशी सहा महिने बोलले नाहीत. पुढं बोलू लागले, पण गोठ्यातून ती हाक मी पुन्हा ऐकली नाही. खोटं सांगत नाही, मला बरं वाटायचं.

दोन वर्षांनी मामा अंथरुणाला खिळले. दृष्टी पार गेली होती. दोघी बहिणी माहेरीच होत्या, आम्ही जावई आळीपाळीनं बसायचो. एका दुपारी बायका चुलीकडं, जोती औषध आणायला तालुक्याला गेलेला, आणि मी एकटाच उशाशी. मामांनी हात चाचपला.

"जोती? आलास व्हय रं मुडद्या?"

मी 'मामा, मी कानडे' म्हणणार होतो. तोंडात आलंही होतं. पण चौदा अधिक दोन, सोळा वर्षं ज्या हाकेसाठी मी जीव टाकला होता, ती माझ्या हातावर हात ठेवून आली होती.

"व्हय मामा," मी म्हणालो. "आलोय."

त्यांनी माझी बोटं घट्ट धरली. हात गार होता.

"लई दिस मनात हाय. त्या कचेरीत तुला टाकून बोललो. राग मानलास न्हवं?"

"न्हाई मामा."

"बोलावं लागलं रं. तू एवडं सोंग काढलंस, मी बी न्हाई वठवलं आसतं तर तुझं सोंग वाया गेलं आसतं." ते खोकले. मी पाणी दिलं. घोटभर पिऊन म्हणाले, "तुला वाटलं म्हातारा फसला. तू इंदीला मारतोस म्हणं! आरं, तीच तुला बडवत आसंल. त्यात तुझा एक शब्द न्हवता. तू सांगून लिवलं आसतं तर निम्म्या शिव्या आसत्या त्यात."

मी हात सोडवायला बघितला. सुटला नाही.

"पाव्हण्यानं लिवलं त्ये. मला तितंच कळलं," मामा म्हणाले. "थोरल्या लेकीचा संसार हाय, म्हणून मी बी गप बसलो. बंदूक दिऊन टाकली त्याला. तेवड्यानं तरी निवतोय का बघू म्हटलं. न्हाई निवला." त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "तुझं पीक गेलं माझ्यापायी. पर एक कर. मला ठावं हाय ह्ये त्याला कवा कळू दिऊ नगंस. लई जळतो बिचारा."

स्वयंपाकघरात शालन आणि इंदू कशावरून तरी हसत होत्या. अंगणात सायकल लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जोतीच्या वहाणा.

"न्हाई कळू देत, मामा," मी म्हणालो.